'तू माझा मुलगा नाहीस'

संपादक साहेब,
माझी आई मला म्हणायची, "तू त्याच्यासारखा दिसतोस, पण तो नाहीस", मी दिलेला चहा तसाच सरकवून ठेवायची आणि मी बाहेरून फोन केला की मात्र "कधी येतोस रे बाळा?" असं मायेनं विचारायची. बाहेरचं असेल म्हणून देवऋषीकडे फेऱ्या मारण्यात आमचे सहा महिने गेले. शेवटी कळलं, हा कॅप्ग्रा सिंड्रोम नावाचा मानसिक विकार, १९२३ साली फ्रान्समध्ये जोसेफ कॅप्ग्रा यांनी सहकाऱ्यासोबत नोंदवलेला. चेहरा ओळखू येतो पण आपलेपणा जाणवत नाही, म्हणून माणूस तोतया वाटतो, असं डॉक्टरांनी समजावलं. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) अशा आजारांतही होतो. पेशंटशी वाद घालू नका, सायकियाट्रिस्टकडे न्या, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे. यावर पुरवणीत सविस्तर लेख छापा ना प्लीज.
– एक वाचक, सातारा