कोंड्यातली अकरा अंडी

पुणे, 12 जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी काल रात्री सुखरूप पोचले. आई, पिशवीच्या तळाशी तू ठेवलेला डबा घरी आल्यावर उघडला, तर कोंड्यात अकरा अंडी निघाली. मी तिथे होते त्या चार दिवसांत खुराड्यात पाचच अंडी मिळाली होती. म्हणजे बाकीची तू कधीपासून साठवत होतीस, आणि मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज खायला सांगितलेले अंडे तू खाल्लेलेच नाहीस. हे लक्षात आल्यापासून मला चैन पडलेले नाही.

त्यांतली तीन वाटेत पिचली होती. एस.टी.च्या एवढ्या प्रवासांत आपल्याकडचे अंडे कधी पिचले नव्हते. या तिन्हींचे टरफल बोटाने दाबताच दबत होते. आपल्या कोंबड्यांची अंडी इतकी कमी का झाली, हे तिथे चार दिवस पाहत होते, त्याचा अर्थ त्यावरून लागला.

बाबा, तुमचा संशय मुंगसावर आहे, पण मुंगूस अंडे फोडून खाते आणि टरफले मागे टाकते, तशी एकही दिसली नाहीत. आई, दृष्ट तू काढलीसच, ते बरे केलेस. रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटीही मी तपासल्या. लाल उवा नव्हत्या. नऊ कोंबड्यांतली काबरी आणि तिची बहीण आता पाचव्या वर्षात आहेत, त्यांनी आपले काम केव्हाच केले. तांबडी खुडूक झाली आहे, नुसती उबवायला बसून राहते. तिघींची पिसे गळत आहेत, आणि पिसे गळतात तेव्हा कोंबडी दोन-तीन महिने अंडी देत नाही. उरल्या तिघी, त्यांच्या पाठीमागच्या दोन हाडांमध्ये माझी दोन बोटे सहज मावली, म्हणजे त्या देत आहेत. त्यांतली एक मांगराच्या मागे झावळ्यांच्या ढिगात घालते. तिथे मला सहा मिळाली, पण पाण्यात टाकताच तरंगली, म्हणून फेकून दिली.

आता जे लिहिते, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला दिवसाचा सुमारे चौदा तास उजेड लागतो. थंडीत आपल्याकडे दिवसच जेमतेम अकरा तासांचा असतो, आणि खुराड्याला तर एकही खिडकी नाही. पूर्वी बाबा उजाडताच दार उघडत; गुडघ्यांमुळे आता साडेआठ होतात, आणि अंधुक दिसते म्हणून साडेपाचलाच दार लागते. त्यात तुमची काही चूक नाही. इतकी वर्षे रोज पहाटे तुम्ही उठलात, आता खुराड्यानेच तुमच्या वेळेप्रमाणे वागायला हवे.

म्हणून तुम्हाला न विचारता मी सुताराला पैसे देऊन आले आहे. आधी सांगितले असते तर तुम्ही खर्च नको म्हणाला असतात, आणि माझे तुमच्यापुढे चालले नसते. गुरुवारी तो पूर्वेला आणि पश्चिमेला बारीक जाळीच्या खिडक्या काढील आणि अंडी घालायच्या पेट्या कमरेच्या उंचीवर बसवील, म्हणजे वाकावे लागणार नाही. आत एक लहान बल्ब लागेल, तो पहाटे आपोआप पेटेल. पहिल्या आठवड्यात उजाडण्याच्या एक तास आधी, मग वाढवत चार वाजेपर्यंत. संध्याकाळी मात्र तो लावायचा नाही, कारण एकदम विझला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत. तुम्ही साडेआठपर्यंत खुशाल झोपा.

दुसरे कारण खाण्याचे आहे. नुसत्या कणीवर अंडे होत नाही. तालुक्याहून अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्याचे पोते येईल. ते पडवीतच ठेवून घ्या, उचलू नका. आणि शिंपल्या! शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचे कालवण जेवून झाले की पाटीभर शिंपल्या घेऊन बाबा पायरीवर बसत, मी वरवंट्याने ठेचत असे आणि ‘बारीक नको गं, दाताएवढी ठेव’ असे ते म्हणत असत. मला वाटायचे, कोंबड्यांना दात येण्यासाठी आपण हे करतो. तिसऱ्या साफ करणे आईला जमेनासे झाल्यापासून ते थांबले, आणि टरफल पातळ झाले. शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवीही पोत्याबरोबर येईल; वाटीभर संध्याकाळी ठेवा, कारण टरफल रात्रीच भरत असते.

बाबा, झावळ्यांच्या ढिगात तुम्ही अजिबात शिरायचे नाही. तिथे साप-जनावर असते. ढीग सुतार हलवील. आई, तांबडीला पाण्यात बुचकळू नकोस. दोन विटांवर डालगे ठेवून चार दिवस तिला त्यात ठेव, खालून वारा लागला की तिची खोड मोडेल. दाणापाणी मात्र जवळ असू दे. कोंबड्यांना मानमोडीची लस द्यायची राहिली आहे, तेवढी टोचून घ्या.

बाबा, ‘आता काढूनच टाकू’ असे तुम्ही म्हणालात, ते मनातून काढून टाका. काबरीला कोणी विकणार नाही. ती अंगणात मरेपर्यंत फिरेल. पिसे गळणाऱ्या तिघींनाही घाई करू नका. होळीपर्यंत सगळे मार्गी लागेल.

पहिली चार अंडी निघतील, ती दोघांनी दोन-दोन खायची, आणि आईने माझ्यासाठी बाजूला काढायची नाहीत. डबा मी धुऊन ठेवला आहे. शिमग्याला येताना रिकामा आणीन आणि रिकामाच परत नेईन.

तुमची,
धाकटी