वर्दीचा फोटो दाखवून लुटतात, फसलेल्या माणसाला नावं ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आता तुमच्या पेपरात जवळपास रोजच असतात. अमक्या गावच्या ज्येष्ठ नागरिकाला एवढ्याचा गंडा, शेवटी गुन्हा दाखल, संपली बातमी. आणि वाचणारा चहा पिता पिता म्हणतो लोभ नडला, नाहीतर म्हणतो शिकली सवरलेली माणसं पण कशी काय फसतात कुणास ठाऊक. हे पत्र मी त्या बोलण्यासाठी लिहितेय, कारण आमच्या घरात जे झालं त्यात लोभाचा संबंधच नव्हता.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात, आता आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरी नवीन फ्रिज आला, जुना अजून चांगला चालू होता आणि दुकानदार एक्स्चेंजला काहीच देईना, म्हणून माझ्या मिस्टरांनी फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर टाकला. किंमत ९ हजार, आणि नंबर आबांचा दिला कारण दिवसभर घरी तेच असतात. थोड्या वेळातच फोन आला. पलीकडचा माणूस पहिल्यांदा काय बोलला तर 'जय हिंद सर'. मी आर्मीत आहे, कोल्हापूरला टेंबलाईच्या कॅम्पला पोस्टिंग झालंय, फॅमिली येतेय, फ्रिज लगेच पाहिजे. आबांनी साहजिकच विचारलं कुठली युनिट, आधी कुठं होतास, तर त्याने पटापट उत्तरं दिली. आबा कुठल्या रेजिमेंटचे हे कळल्यावर तर 'आप तो हमारे सीनियर हो' असं सुरू झालं. मग व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्डचा फोटो, वर्दीतला फोटो. किमतीत एक रुपया कमी करायला लावला नाही. म्हणाला गाडी पाठवतो, पेमेंट आमच्या अकाउंट सेक्शनमधून आधी होईल.

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही पण कोल्हापूरच्या माणसाला कळेल. आपल्या जिल्ह्यात गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात घरटी नाही तरी गल्लीत एक तरी फौजी सापडतोच. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचं नावच सैनिक टाकळी पडलंय. सुट्टीवर आलेल्या जवानाला एसटीत कुणी उभं राहू देत नाही. अशा ठिकाणी 'मी आर्मीतून बोलतोय' म्हटल्यावर समोरच्याच्या मनात शंका येत नाही, येते ती आपुलकी, आणि चोराला नेमकं तेच माहीत आहे. हे लोक प्रत्येक शहरातल्या कॅम्पचं नाव शोधून ठेवतात, पुण्यात फोन केला की पुण्यातला कॅम्प, बेळगावला केला की बेळगावचा. आणि जे ओळखपत्र पाठवतात ते बऱ्याच वेळा खऱ्याच कुठल्यातरी जवानाचं असतं, त्याचा फोटो कुठून तरी उचललेला असतो, तो बिचारा सीमेवर ड्युटीवर आणि इकडं त्याच्या नावावर लोकांना लुटतायत. मला तर वाटतं त्या जवानाची बदनामी हा आणखी एक वेगळा गुन्हा आहे, त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

पुढं काय झालं ते नीट सांगते कारण पद्धत सगळीकडे हीच असते. त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला आर्मीचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, टेस्टिंगसाठी आधी तुम्ही ५ रुपये टाका, मी १० परत पाठवतो. आबांनी ५ टाकले आणि खरंच १० आले. झालं, विश्वास बसला. मग दुसरा कोड आला, त्यात ९ हजाराची रक्कम आधीच भरलेली, 'ये स्कॅन करो सर, पैसा आपके अकाउंट में आएगा', आणि फोन चालूच. आबांनी स्कॅन केलं, पिन टाकला, खात्यातून ९ हजार गेले. स्क्रीनवर नाव पण दुसऱ्याच कुणाचं दिसत होतं, तर तो म्हणाला ते आमच्या अकाउंट ऑफिसरचं नाव आहे.

खरी लूट तर यानंतर झाली. पैसे गेले म्हटल्यावर त्याने घाबरल्याचं नाटक केलं, सर गलती से उल्टा हो गया, माझी नोकरी जाईल, सिस्टीममधून रिव्हर्स करायचं असेल तर दोन्ही रक्कम एकत्र परत येतील असा नवीन कोड पाठवतो. मग १८ हजाराचा कोड. मग अजून एक. फोन एक मिनिट पण ठेवू दिला नाही, घरात कुणाला विचारायला वेळच दिला नाही. शेवटी जवळपास ४० हजार गेले. फ्रिज ९ हजाराचा होता हो! जास्त मिळतंय म्हणून कुणी गेलं नाही, आपलेच गेलेले परत मिळवायला माणूस पुढचे टाकत गेला. याला लोभ म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

क्यूआर कोडबद्दल एक गोष्ट आपल्याकडं अजून सगळ्यांना नीट माहीत नाही म्हणून लिहिते. त्या कोडमध्ये पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता असतो, नाव असतं, कधी कधी रक्कम पण भरून ठेवलेली असते, एवढंच. तो स्कॅन केला की पैसे आपल्या खात्यातून जातात, कोड स्कॅन करून पैसे येत नाहीत. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पैसे येतायत म्हणून पिन मागितला म्हणजे पैसे आपले जाणार. यूपीआय २०१६ ला आलं, आज मंडईत भाजीवालीकडं पण कोड लावलेला आहे, आणि आपण तो स्कॅन करून रोज पैसे देतोच. पण घरात बसून वस्तू विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला समोरचा ठामपणे सांगतो की आर्मीत उलटं असतं, आणि आर्मीत खरंच बऱ्याच गोष्टी सिव्हिलपेक्षा वेगळ्या असतात हे त्याने आयुष्यभर बघितलेलं असतं. मग त्याने काय समजायचं?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाला पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय बंद केली, ती पण याच फसवणुकीसाठी वापरली जायची. चांगलं केलं. पण कोडचा रस्ता चालूच आहे आणि तो बंद करता येणार पण नाही, कारण सगळा बाजारच त्यावर चालतो. मग निदान पिन टाकायच्या आधी स्क्रीनभर मोठ्या अक्षरात मराठीत का येऊ नये, की थांबा, तुमच्या खात्यातून एवढे पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. आबांच्या फोनवर सगळं इंग्रजीत बारीक अक्षरात होतं. भाषा बदलायची सोय सेटिंगमध्ये असते म्हणतात, पण ती शोधून बदलून कोण देणार? हे काम ॲपवाल्यांचं आणि बँकांचं आहे.

आता मला सगळ्यात जास्त ज्याचा त्रास झाला ते. आबांनी त्या दिवशी आम्हाला सांगितलंच नाही. रात्री जेवले नाहीत, बरं वाटत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी सासूबाईंजवळ बोलले आणि मग आम्हाला कळलं. ज्या माणसाने आयुष्य सरहद्दीवर काढलं त्याला आपल्याच मुलाला सांगायची लाज वाटली, कारण त्यांनी पण पेपरात त्याच बातम्या वाचल्या होत्या आणि कट्ट्यावर लोक काय बोलतात ते ऐकलं होतं. आणि या गुन्ह्यात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० नंबरला लगेच फोन केला तर तक्रार सरळ सिस्टीममध्ये जाते आणि पैसे ज्या ज्या खात्यात पुढं गेले तिथं जेवढे शिल्लक असतील तेवढे बँक अडवून ठेवते. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून फिरवत फिरवत काढून घेतो, म्हणून प्रत्येक तास मोजावा लागतो. आमचे ते तास लाजेत गेले. थोडीशी रक्कम पुढच्या एका खात्यात अडकलीय असं कळलंय, बाकीची गेली.

म्हणून म्हणते, फसलेल्याला हसणारा प्रत्येक माणूस चोराला वेळ काढून देतो.

बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांचं पहिलं वाक्य, पिन तुम्हीच टाकला ना मग आम्ही काय करणार. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच बँकेचा नाही हे नंतर चार लोकांशी बोलल्यावर कळलं. पण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं नुकसान झालं तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे कळवल्याची वेळ महत्त्वाची, म्हणून तोंडी सांगून परत येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. आम्हाला हे काउंटरवर कुणी सांगितलं नाही. पोलीस ठाण्यात माणसं चांगली बोलली पण त्यांचे पण हात बांधलेले, माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि असे अधिकारी ठाण्यात असतात किती?

हाच प्रकार वेगवेगळ्या वेषात चालू आहे. पोरांना स्वस्तात बुलेट विकणारा 'जवान' असतो, गाडी पार्सलने येतेय म्हणून गेटपास आणि ट्रान्सपोर्टचे पैसे मागत राहतो, गाडी कधीच येत नाही. घरून चपला विकणाऱ्यांना, मसाले चटण्या करणाऱ्या बचत गटातल्या बायकांना कॅम्पसाठी मोठी ऑर्डर आहे म्हणून फोन येतात, पेमेंटच्या वेळी पुन्हा तोच कोड. नाहीतर बँकेसारखा दिसणारा खोटा मेसेज पाठवून चुकून जास्त पैसे आले, परत करा म्हणतात. तेव्हा मेसेजवर जायचं नाही, आपल्या खात्याचा बॅलन्स स्वतः बघायचा. आणि फसल्यावर नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथं पण चोर बसलेत, आणि गेलेले पैसे मिळवून देतो म्हणून फी मागणारे तर त्याहून वाईट.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने, आणि जिथं माजी सैनिक औषधाला आणि कॅन्टीनला येतात तिथं, मराठीत मोठे बोर्ड लावावेत की सैन्याचं नाव सांगून पेमेंटचा कोड पाठवणारा माणूस भामटा समजा. आबांसारख्या माणसाला हे दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा फौजेतल्या माणसाने सांगितलेलं पटतं. बँकांनी शाखेत आलेल्या फसवणुकीच्या तक्रारीला रांगेत न बसवता तिथल्या तिथं १९३० लावून द्यावा. आपल्या तालमी आणि मंडळं महापुरात गुडघाभर पाण्यातून लोकांना बाहेर काढतात, त्यांनी आपल्या पेठेतल्या ज्येष्ठांची एक बैठक लावून पोरांकडून त्यांच्या फोनची भाषा मराठी करून दिली तरी खूप काम होईल, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं पण एक मागणी. अशी बातमी छापताना 'आमिषाला बळी' हे शब्द सरसकट वापरू नका, जिथं आमिष नव्हतं तिथं नव्हतं असंच लिहा. आणि अशा प्रत्येक बातमीखाली चौकट करून १९३० हा नंबर छापा, ठळक, चष्मा न लावता दिसेल एवढा. जमलं तर पहिल्या पानावर, कारण आमच्याकडं आबा आणि त्यांचे मित्र पहिलं पान आधी वाचतात.

हे पत्र आबांना वाचून दाखवूनच पाठवतेय.

आपली,
एका माजी सैनिकाची सून
राजारामपुरी, कोल्हापूर