शिट्टी, भोंगा आणि खोकड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशातल्या कोल्ह्यांच्या शिकारीवर आलेला लेख ई-पेपरवर वाचला. सापडलेल्या सशाच्या किंकाळीची नक्कल करून या प्राण्याला बंदुकीच्या टप्प्यात बोलावतात. त्यासाठी तोंडाने वाजवायची शिट्टी म्हणजे हौशी लोकांची करमणूक आणि रिमोटवर चालणारं आवाजाचं यंत्र म्हणजे खरा उपाय, असा लेखकाचा एकूण सूर. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला, हॅमिल्टनच्या आसपास, मी अठ्ठावीस वर्षं मेंढपाळांचे पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्यातल्या कितीतरी रात्री कुरणाच्या कुंपणाशी बसून गेल्या. आधी शिट्टी घेऊन, नंतर ते यंत्र घेऊन. म्हणून हे पत्र.

आधी छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेला प्राणी आपला कोल्हा आहे आणि तो ऑस्ट्रेलियात नाही. इथला प्राणी खोकडाच्या कुळातला, अंगाने तांबूस, शेपटीच्या टोकाला बहुधा पांढरा झुबका. शब्दकोश दोघांना एकाच दावणीला बांधतात, पण शेतावर राहिलेल्या माणसाला कोल्हा आणि खोकड यांतला फरक सांगावा लागत नाही. आणखी एक गोष्ट लेखात ठळकपणे यायला हवी होती. भारतात या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. लेख वाचून कोणी शिट्टी घेऊन माळावर निघाला, तर तो गुन्हा ठरेल.

इथे गोष्ट वेगळी, कारण हा प्राणी इथला नव्हेच. घोड्यावर बसून कुत्र्यांनिशी शिकार करण्याची हौस भागावी म्हणून साहेबाने तो १८५० नंतरच्या काळात आणून सोडला. थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या आपल्या बार्वन पार्क या मळ्यावर ससे सोडले. ससे पसरले, आणि आयतं खाणं मिळाल्यावर त्यांच्यामागून खोकडही पसरलं. कोकरांचं नुकसान सगळ्यांना दिसतं, पण जमिनीवर वावरणाऱ्या इथल्या लहान प्राण्यांचा फडशा कुणाच्या लवकर लक्षात आला नाही. अंगावर पट्टे असलेला, बँडिकूट नावाचा एक छोटा प्राणी इथे असतो, घुशीएवढा. मुख्य भूमीवरची त्याची शेवटची रानटी वस्ती आमच्या हॅमिल्टनमध्ये उरली होती. तीही कुठे, तर कचरा डेपोवरच्या भंगार मोटारींच्या आडोशाला! मोटारी दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून काय वाटलं असेल, सांगता येत नाही. आता ते प्राणी खोकड शिरणार नाही अशा कुंपणात आणि बेटांवर जपले जातात. तेव्हा खोकड मारण्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. ते कसं मारायचं, याबद्दल मात्र बोलायचं आहे.

मला शिट्टी दिली एका म्हाताऱ्या मेंढीमालकाने. डब्याच्या पत्र्याची गोल चकती, मधोमध दुमडलेली, आरपार एक भोक. दात आणि ओठ यांच्यात धरायची आणि श्वास आत ओढायचा. आंब्याच्या कोयीची पिपाणी ज्याने वाजवली आहे त्याला यातली मेख कळेल. आवाज पत्र्यातून येत नाही, जीभ तो घडवते. पहिले पंधरा दिवस माझ्या तोंडून नुसती हवा गेली. मग एका संध्याकाळी गाडी चालवताना तोंडून अचानक फासात अडकलेल्या सशाची किंकाळी निघाली आणि मीच दचकलो.

पद्धत अशी. वारा तोंडावर घेऊन बसायचं. अर्धा मिनिट वाजवायचं, मग दोन-तीन मिनिटं गप्प. या गप्प बसण्यातच सगळं आहे. कान कुठे, डोळे कुठे, टिटवी कुठल्या बाजूला ओरडली, मेंढ्यांनी एकदम माना कुठे वळवल्या. जानेवारी ते मार्च, म्हणजे आमचा उन्हाळा सरताना, खोकडाची त्या हंगामातली पोरं आईपासून सुटी झालेली असतात. ती भाबडी, धावत येतात. जून-जुलैत, जोड्या जमण्याच्या दिवसांत, सशाच्या किंकाळीकडे खोकडं ढुंकूनही पाहत नाहीत. थोराड नर तर सरळ येतच नाही. तो लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, आधी वास घेतो आणि मग ठरवतो.

साठ पावलांवर येऊन खोकड अडखळलं की शिट्टी काढायची, तळहाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून उंदरासारखं बारीक चुकचुकायचं. ते मान वाकडी करतं. पुढचे चार सेकंद तुमचे. समोरच्याकडे पाहून आवाज बदलणं, लहान करणं, थांबवणं हे श्वासाने होतं. म्हणून शिट्टीला करमणूक म्हणणं मला पटत नाही.

तिचा मोठा दोषही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. आवाज तुमच्या तोंडातून येतो, म्हणून खोकडाची नजर थेट तुमच्या तोंडावर. नाक खाजवलं की संपलं. एकदा मी पुढे टक लावून बसलो होतो आणि मागून कुंपणाच्या तारेखालून एक मादी आली. तिचा श्वास मला ऐकू आला. वळलो तोवर ती नव्हती. जोडीदार आठवडाभर हसत होता.

मग माझे पुढचे चार दात गेले आणि कवळी आली. कवळीत शिट्टी बसत नाही. दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा कवळीच गवतात पडली आणि बॅटरी लावून शोधावी लागली. शेवटी भोंगा घेतला. मी त्याला भोंगाच म्हणतो. डबा, त्यात कर्णा, पन्नास-साठ आवाज आणि हातात रिमोट.

पहिल्याच रात्री कळलं की लेखक अगदीच चूक नाहीत. डबा चाळीस पावलांवर, वारा आडवा येईल असा ठेवला. दोन खोकडं आली, दोघांचेही डोळे डब्यावर. मी रायफल वळवली तरी त्यांना पत्ता नाही. बार स्थिर बसला, प्राणी जागच्या जागी पडला. जखमी होऊन बिळात कुजत मरण्यापेक्षा ते केव्हाही बरं. हे श्रेय यंत्राचंच.

पण तेच यंत्र आळशाच्या हातात गेलं की काय होतं, ते लेखात नाही. गाडीतून उतरायचं, डबा टाकायचा, आवाज शेवटच्या आकड्यावर न्यायचा आणि मोबाइल बघत बसायचं. खोकड तीस पावलांवर झुडपात असेल तर त्या भोंग्याने ते पहिल्याच सेकंदाला पळतं. सुरुवात नेहमी हळू आवाजाने करावी. शिवाय शेजारच्या चारही कुरणांत त्याच कंपनीचा तोच ससा त्याच ठेक्यात ओरडत असतो. एकदा तो ऐकून आलेलं आणि नेम चुकल्याने वाचलेलं खोकड पुन्हा त्या आवाजाला येत नाही. मला शिट्टी देणारा तो म्हातारा अशा वेळी म्हणायचा, "आणखी एकाला शाळेत घालून आलास." त्या शाळेचा खर्च कोकरांच्या हिशेबात निघतो, बंदूकवाल्याच्या नव्हे.

दुसरी गोष्ट जिवावरची. एका रात्री माझ्या डब्याकडे झाडीतून एक उजेड सरकत येऊ लागला. पलीकडच्या कुरणातला दुसरा शिकारी, हातात रायफल, 'कसला आवाज' म्हणून पाहायला निघालेला. मी उभा राहून ओरडलो आणि रिमोटवरचं चुकीचं बटण दाबलं, त्यामुळे ससा आणखीच मोठ्याने किंचाळला. आज हसू येतं, त्या रात्री हात थरथरत होते. पूर्ण प्राणी ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय चाप ओढू नये, हा नियम दोन्ही साधनांना सारखाच आहे. पण भोंगा लांब ठेवला की माणूस स्वतःची जागा विसरतो.

लेखातल्या एका सल्ल्यावर मात्र माझा ठाम आक्षेप आहे. पिल्लाच्या आक्रोशाचा ध्वनी लावला की मादी 'हमखास' येते, असं त्यात लिहिलं आहे. येते, हे खरं. पण इथे ऑगस्ट-सप्टेंबरात पिल्लं जन्मतात. त्यानंतरच्या आठवड्यांत मादी मारली की बिळातली चार-पाच पिल्लं उपाशी मरतात. तेव्हाच कोकरंही असतात, हा मेंढीमालकाचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कोकरांभोवती घुटमळणारी मादी मी मारली आहे. पण आईपणाला हाक घालून तिला बिळापासून बोलावणं मी कधी केलं नाही आणि माझ्या भोंग्यातून तो आवाज पुसून टाकला आहे.

असं यंत्र वापरणं 'सगळीकडे कायदेशीर', हे लेखातलं विधानही सैल आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रित आवाजाने पक्ष्यांना भुलवून मारता येत नाही. खोकडाला ती बंदी नाही, पण त्याच डब्यात पक्ष्यांचेही आवाज भरलेले असतात. आणि नुसत्या बंदुकीने खोकडं हटत नाहीत, शिट्टीने नाही आणि भोंग्यानेही नाही. एक मेलं की रिकाम्या जागेत दुसरं येतं. ज्यांची कोकरं वाचली त्यांनी शेजाऱ्यांबरोबर एकाच वेळी विषारी आमिषं टाकली, कुंपणं नीट केली आणि उरलेल्यांसाठी आम्हाला बोलावलं.

तेव्हा योग्य छायाचित्र आणि पिल्लांच्या आवाजाबद्दलचा खुलासा आपण छापावा, ही विनंती. लेखकांना स्वतः वाजवून पाहायची असेल तर म्हाताऱ्याची ती पत्र्याची शिट्टी मी पोस्टाने पाठवीन, माझ्या आता ती उपयोगाची नाही. पुढचे दात शाबूत आहेत का, तेवढं आधी कळवावं.

आपला,
एक जुना वाचक
व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया