आयटीआयमधल्या मुलीला, १९७ वरच्या काकांकडून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही. तूच बजावलंस, "नाव टाकू नका काका, नाहीतर आख्खी सोसायटी लॅपटॉप घेऊन बाबांच्या इस्त्रीच्या टेबलापाशी रांग लावेल." रांग नको. पण आभार चारचौघांत मानायचेत, कारण गेले सहा महिने कुरकुरही मी चारचौघांतच केली.

गणपतीत आम्ही इंटरनेटचं कनेक्शन बदललं आणि तेव्हापासून आमचा संगणक रुसला. कुठलंही पान उघडायला जावं तर आठ-दहा सेकंद नुसता पांढरा पडदा, मग सगळं एकदम धाडकन समोर. व्हिडिओ मात्र एकदा लागला की कुठेही न अडकता चालायचा. आणि तेच पान पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं तर झटक्यात उघडायचं, त्यामुळे कुणाला दाखवायला गेलो की हा शहाण्या बाळासारखा वागायचा. नागपूरला लेकीकडे जायचं म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसचं एसीचं तत्काळ काढायला सकाळी दहाच्या ठोक्याला बसलो. पान उघडेपर्यंत वेटिंग लागलं होतं. सांगली ते नागपूर बसने गेलो. तुझ्या काकू वाटेत जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कनेक्शनवाल्यांचा माणूस आला, त्याने स्वतःच्या मोबाईलवर स्पीड बघितला, शंभरपैकी ब्याण्णव, "आमच्याकडून ओके आहे" म्हणून गेला. दुकानदार म्हणाला, एसएसडी टाका, रॅम वाढवा, नाहीतर सरळ नवा घ्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं म्हणा. लाइन चांगली होती आणि संगणक जुना होता. दुखणं तिसरीकडेच होतं.

त्या रविवारी तू कपडे घेऊन आलीस, काकू सुट्टे शोधत होत्या, मी संगणकाला शिव्या घालत होतो. दारातूनच तू विचारलंस, "काका, खाली डाव्या कोपऱ्यात काय लिहून येतंय?" सहा महिन्यांत मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं नव्हतं. बारीक अक्षरांत होतं, रिझॉल्व्हिंग होस्ट, म्हणजे साइटचा पत्ता शोधतोय.

मग चप्पल काढून आत आलीस. पहिला प्रश्न, फोनवरही असंच होतं का? नाही म्हटल्यावर म्हणालीस, "मग राउटरपर्यंत सगळं नीट आहे, त्याच्या अलीकडे बघायचं." टीव्हीच्या डब्याची वायर काढून संगणकाला लावलीस, फरक शून्य. इनकॉग्निटो, म्हणजे एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात ती खासगी खिडकी, उघडलंस, तरी तेच. मला वाटलं दोन्ही खटाटोप वाया गेले. तू मात्र खुशीत, "वायफाय आणि एक्स्टेन्शन, दोन संशयित सुटले!" (सवलतीची कुपनं दाखवणारं ते आगंतुक एक्स्टेन्शन जाता जाता काढून टाकलंस, त्याचेही आभार.)

आणि मग ती काळी खिडकी. आधी पिंग करून, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते बघायला, ८.८.८.८ असा गूगलच्या एका सर्व्हरचा नुसता आकडा टाकलास, २८ मिलिसेकंदांत उत्तर. मग एका वर्तमानपत्राच्या साइटचं नाव टाकलंस, आणि कर्सर लुकलुकत बसला. "आकडा दिला की जातंय, नाव दिलं की अडतंय," तू म्हणालीस. तिथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. अगं, मी टेलिफोन खात्यात १९७ वर होतो! लोक नाव सांगायचे, आम्ही नंबर द्यायचो. नंबर मिळाल्याशिवाय फोन लागणार कसा? तू विचारलंस, "१९७ म्हणजे?" आणि मला आपलं वय कळलं.

एनएसलुकअप, म्हणजे नावाचा आकडा विचारायची आज्ञा, दिल्यावर ते उघडच झालं, रिक्वेस्ट टाइम्ड आउट, दोन सेकंद. जुन्या कनेक्शनच्या माणसाने कधीकाळी सेटिंगमध्ये त्यांच्या डीएनएस सर्व्हरचा, म्हणजे साइटचं नाव घेऊन आकडा देणाऱ्या त्यांच्या १९७ चा, पत्ता हाताने भरून ठेवला होता. कनेक्शन गेलं, पत्ता राहिला. प्रत्येक नावासाठी संगणक आधी तिथे विचारायचा, उत्तराची वाट बघायचा, मग दुसऱ्या पत्त्याकडे वळायचा. आणि एका पानात जाहिराती, फोटो, अक्षरं सगळं वेगवेगळ्या ठिकाणांहून येतं, म्हणजे दर वेळी नवी विचारणा. एकदा मिळालेला नंबर काही वेळ लक्षात राहतो, म्हणून दुसऱ्यांदा पान पटकन उघडायचं. फोन मात्र राउटरला विचारत होता, म्हणून तो सुखात. आमच्या काळी निदान "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं" असं ऐकू तरी यायचं. हा सर्व्हर अगदीच मुका.

तू तो पत्ता पुसून "ऑटोमॅटिक" वर टिचकी मारलीस, काळ्या खिडकीत फ्लशडीएनएस करून लक्षात राहिलेले जुने नंबर पुसलेस. काकूंना सुट्टे सापडेपर्यंत काम झालं होतं.

नंतर मी थोडं वाचलं. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं, त्याआधी सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असायचे. ती फाइल कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांच्या सहकारी सांभाळायच्या. म्हणजे तिथेही आमच्यासारखंच डिरेक्टरीचं टेबल! हे वाचून मला उगाचच फार बरं वाटलं.

पैसे घेतले नाहीस. "कोपाच्या (आयटीआयमधला कॉम्प्युटरचा कोर्स) प्रॅक्टिकलला हेच तर शिकतोय," म्हणालीस, आणि कपाटावरची जुनी जिल्हा टेलिफोन डिरेक्टरी मागितलीस, वर्गात दाखवायला. ती जपून वापर, मधली काही पानं सुटली आहेत. परत करायची घाई नाही. आणि हो, पुढच्या खेपेला दारात उभी राहू नकोस, काकूंनी तुझ्यासाठी शंकरपाळ्यांचा डबा वेगळा काढून ठेवलाय.

तुझा,
दुसऱ्या मजल्यावरचा काका