डिलीट केलेला फोटो परदेशात तसाच

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सोशल मीडिया आणि प्रायव्हसीवर तुमच्याकडे पत्रं येतात त्यात बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नावाने बोटं मोडलेली असतात. मोडा खुशाल. पण मी दुसऱ्या बाजूला बसलोय म्हणून लिहितोय.

मी ऐरोलीत राहतो आणि महिन्याला ११०० रुपये भाडं भरून एक छोटा मास्टोडॉन सर्व्हर चालवतो. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला जाणारे १३०-एक जण त्यावर आहेत, सकाळी फोटो टाकतात, लेन्सवरून भांडतात. मास्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, फक्त मालक एक नाही, हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात आणि इकडची पोस्ट तिकडे कॉपी होऊन जाते. लोकांना वाटतं खाजगी मेसेज कोणी बघत नाही, तर तसं नाही, मनात आणलं तर मी वाचू शकतो (आणत नाही, आणि सर्वांना आधीच सांगून ठेवलंय).

गेल्या थंडीत एका मेंबरने लेकीचा फोटो टाकला. दुर्बीण डोळ्याला लावलेली, मागे गुलाबी रांग, फोटो खरंच मस्त, पण पोरगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आणि खिशावरचा बॅज झूम केला की शाळेचं नाव वाचता येत होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन, "दादा, तो फोटो काढा ना प्लीज." पाच मिनिटांत काढला. संध्याकाळी परत फोन, भाचीने परदेशातल्या एका सर्व्हरवर तोच फोटो बघितला म्हणे. बघतो तर खरंच होता, बॅजसकट!

होतं काय, मी डिलीट केलं की माझा सर्व्हर बाकीच्यांना निरोप पाठवतो की हे पुसा. पुसायचं की नाही ते त्यांच्या हातात. तो सर्व्हर ब्लॉक केला तर पुढच्या पोस्ट जात नाहीत, गेलेली तशीच राहते. शेवटी तिथल्या ॲडमिनला मेल टाकला, मग आठवण केली, नवव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, काढलाय. ते नऊ दिवस त्या माऊलीला काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

आता कायद्याचं. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ७ दिवसांत (२०२६च्या दुरुस्तीआधी १५) द्यायचा, ते मी ऑफिस सांभाळून करतो. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आला, २०२५च्या नोव्हेंबरात नियम आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. त्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी आणि मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. माझा सर्व्हर महिना ११०० चा! घरगुती कामाला कायद्यात सूट आहे, पण १३० माणसांचा सर्व्हर घरगुती धरायचा का, हे मला कोणी वकील छातीठोकपणे सांगत नाही.

याच कायद्याच्या कलम १७(३) मध्ये सरकार कमी माहिती हाताळणाऱ्यांना काही जबाबदाऱ्यांतून सूट देऊ शकतं, स्टार्टअपचं तर नावच घेतलंय. आमच्यासारखे हौशी लोकही त्यात घ्या एवढंच मागणं. फक्त सूट मिळणाऱ्या कलमांच्या यादीत ८(७) पण आहे, म्हणजे संमती काढून घेतली की माहिती पुसायची जबाबदारी, आणि ती सूट मला नको. कागदपत्रं कमी करा, ऑडिट नको म्हणा, चालेल. पण माझ्याकडचं पुसणं आणि निरोप जिथे जिथे गेला तिथे पाठपुरावा करणं हे माझ्यावर राहू दे, कारण त्या बाईंनी फोन मलाच केला होता, त्या परदेशातल्या माणसाला नाही.

परवा त्या बाई जेट्टीवर भेटल्या, म्हणाल्या आता सगळीकडून गेला ना? मला दिसतं तेवढ्या ठिकाणी तरी नाहीये, एवढंच सांगू शकलो.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई