आधी तपासणी, मग गुन्हा

महोदय,

सीताबर्डीच्या दुकानातून साबण उचलताना पकडलेल्या सत्तरीतल्या निवृत्त शिक्षकांची आपली बातमी वाचली. ‘म्हातारपणी चोरीची हौस’ हा मथळा खटकला. पाकिटात पैसे असताना, भरदुपारी, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत कुणी चार वड्या खिशात कोंबतो, तेव्हा आजाराची शंका आधी यायला हवी. मेंदूचा पुढचा भाग झिजवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. सुटतो तो मनावरचा ताबा. घरच्यांना वाटते, स्वभाव बिघडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३९७ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात अल्झायमरच्या सुमारे ८ टक्के, तर या आजाराच्या वर्तन बदलणाऱ्या प्रकारातील ३७ टक्के रुग्णांकडून गुन्हेगारी वर्तन घडल्याचे आढळले.

आपला कायदा इथे तोकडा पडतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ कृत्य न कळणाऱ्याला वाचवते. या रुग्णांना अनेकदा कळते, आवरत नाही. शिवाय कृत्य कळत नव्हते हे सिद्ध करायचे आरोपीनेच, तेही कोर्टात. तोवर वस्तीत शोभा झालेली असते. उतारवयात पहिल्यांदाच असे घडले, तर ठाणेदारांनी घरच्यांना बोलावून आधी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. साबणाचे पैसे घरचे देतातच.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर