पाण्याबरोबर दगडमातीचाही हिशेब मांडावा

संपादक महोदय,

शेजारी देशांतून येणाऱ्या नद्यांना पूर आला की आपल्याकडची चर्चा पाणी किती सोडले आणि ते वेळेत कळवले का, एवढ्यापुरतीच राहते. ऑक्टोबर २०२५मधील उत्तर बंगालच्या पुरानंतर भारत-भूतान नदी आयोगाची मागणी पुन्हा पुढे आली. ती रास्त आहे. मात्र भूतानच्या साम्त्से भागातील डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाच्या खाणी आयोगाच्या कक्षेबाहेर राहिल्या, तर निम्मे काम अपुरेच राहील. डोंगरउतारावरून सुटलेली दगडमाती पावसाबरोबर खाली येते, उत्तर बंगालमधील डुआर्सच्या सपाटीवर प्रवाह मंदावताच पात्रात साचते आणि उथळ झालेल्या पात्रातून कमी पाणीही काठ सोडते. विसर्गाचे आकडे कितीही चोख कळवले, तरी त्यांतून हे दिसत नाही.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे बिहारकडे वाहणाऱ्या कोसी नदीचा बांध फुटला, तेव्हा प्रवाह सुमारे १.४४ लाख क्युसेक होता. तो बांध बांधला होता साडेनऊ लाख क्युसेकसाठी! कोसीचा गाळ मुख्यतः हिमालयाच्या नैसर्गिक झिजेचा आहे आणि बांधाच्या देखभालीतही हयगय झाली होती, हे मान्य. तरीही पात्राची उंची दुर्लक्षून पुराचा अंदाज बांधता येत नाही, हे तिथे दिसले. नेपाळच्या चुरे टेकड्यांत तर माणसाचा हात उघड आहे. तेथील दगड-वाळूच्या निर्यातीवर २०१४मध्ये बंदी आली. २०२१च्या अर्थसंकल्पात ती उठवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून गोदावरीचा पूर मोजणाऱ्या आम्हा नाशिककरांना हा प्रश्न परका नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की खालच्या गावांना इशारा जातो. पण गोदावरीच्या उगमाच्या ब्रह्मगिरी परिसरात डोंगर पोखरला, तर ते कोणाला कळवायचे याची रीत आमच्या एका जिल्ह्यातही नाही, मग दोन देशांत कुठून असणार?

म्हणून नव्या कोणत्याही करारात वरच्या देशाने पाणलोटातील खाणपट्टे पावसाळ्यापूर्वी कळवावेत आणि पावसाळ्यानंतर दोन्ही देशांनी मिळून सीमेजवळच्या पात्राची पातळी मोजावी. जबाबदारी एकट्या भूतान-नेपाळची नाही. भूतानच्या डोलोमाइटचे मोठे गिऱ्हाईक भारतच आहे. तेव्हा सीमेवरील तपासणी नाक्यांवर मालाबरोबर खाणपट्ट्याची नोंद मागण्यास आपल्याला कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.

एक वाचक, पंचवटी, नाशिक